हिरड्याच्या गोणीमागची माणसे : औषधी-खरेदीची नवी आखणी आणि समाजहित

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या औषधीनिर्माण व्यवसायाचे रूप पालटले, हे कोणीही मान्य करील. खलबत्त्याची जागा पल्वरायझरने घेतली, काढ्याचे घनसत्त्व होऊन ते गोळीत सामावले, कागदी पुडीच्या जागी हवाबंद पाकीट आले. सन २००० मध्ये शेड्यूल टी लागू झाल्यापासून तर कारखान्याच्या फरशीपासून कामगाराच्या टोपीपर्यंत प्रत्येक गोष्टीची आखणी करणे आपल्याला भाग पडले. या सुधारणांचे स्वागतच केले पाहिजे. तथापि या सगळ्या कल्पकतेची धाव कच्च्या मालाच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबते, असे आमचे निरीक्षण आहे. त्या उंबऱ्याच्या पलीकडे, म्हणजे व्यापाऱ्याच्या वखारीत, तालुक्याच्या बाजारात, पाड्यावरच्या अंगणात आणि शेवटी झाडाखाली, व्यवहार आजही बहुतांशी आपल्या आजोबांच्या काळी चालत असे तसाच चालतो.

वास्तविक आपल्या शास्त्राने या उंबऱ्यापलीकडच्या माणसाची दखल फार पूर्वी घेतली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अगदी पहिल्याच अध्यायात, वनस्पतींना नावाने आणि रूपाने ओळखणारे म्हणून गुराखी, शेळ्या-मेंढ्या राखणारे आणि वनात वावरणारे लोक यांचा निर्देश आहे. द्रव्याचा योग जाणतो तो वैद्य. परंतु द्रव्य ओळखतो तो रानातला माणूस. कल्पस्थानात द्रव्यसंग्रहाचा देश, काळ आणि रीत यांची चर्चा आहे. ही चर्चा आपण विद्यार्थिदशेत पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि पुढे खरेदीची चिठ्ठी लिहिताना विसरलो. त्या चिठ्ठीवर द्रव्याचे नाव, वजन आणि दर एवढेच असते. कोणत्या डोंगरावरचे, कोणत्या महिन्यातले, कोणी गोळा केलेले, यांसाठी तीत रकानाच नाही.

हा प्रश्न किती मोठा आहे, हे दोन अहवालांवरून ध्यानात येईल. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळासाठी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ९६० वनस्पती व्यापारात असल्याची नोंद झाली. त्यांपैकी १७८ वनस्पतींची उलाढाल वर्षाला शंभर टनांहून अधिक होती. पुढे २०१७ च्या अभ्यासात हेच आकडे अनुक्रमे ११७८ आणि २४२ असे आले व देशाची एकूण वार्षिक गरज सुमारे पाच लाख बारा हजार टन असल्याचा अंदाज मांडला गेला. या मालाचा मोठा भाग शेतातून येत नाही. तो जंगलातून, माळावरून आणि बांधावरून येतो. म्हणजेच तो कोणीतरी वेचून, खुडून, खणून वा सोलून आणलेला असतो. आपल्या व्यवसायाचा पाया या अनामिक हातांवर उभा आहे.

हिरड्याचेच उदाहरण घेऊ. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव आणि भीमाशंकरच्या डोंगराळ पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबांच्या वर्षाच्या रोख कमाईत हिरड्याचा वाटा मोठा आहे. येथे मुख्यतः बाळहिरडा गोळा होतो, कारण पक्व हिरड्याच्या तुलनेत त्याला भाव पुष्कळ अधिक मिळतो. उन्हाच्या दिवसांत झाडावर चढून वा काठीने झोडपून कोवळे फळ उतरवायचे, अंगणात वा कातळावर वाळवायचे आणि पावसाच्या आत विकायचे, असा हा हंगाम आहे. पावसाची घाई ही विकणाऱ्याची अडचण, तर घेणाऱ्याची सोय. घरात साठवणीची जागा नाही, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा आणि भाताच्या बियाण्याचा खर्च दाराशी उभा आहे, आणि पहिल्या वळिवाने माल भिजला तर त्याला बुरशी धरणार. अशा वेळी जो दर सांगितला जाईल तो घ्यावा लागतो. अनेकांनी तर आदल्या पावसाळ्यातच किराणा दुकानदाराकडून उचल घेतलेली असते. तेथे दर ठरवण्याचा प्रश्नच उरत नाही. हिरडा घालून उचल फेडायची, एवढेच.

पुढे हा माल गावच्या दुकानातून तालुक्याच्या व्यापाऱ्याकडे, तेथून मोठ्या वखारीत, वखारीतून शहरातील काष्ठौषधींच्या घाऊक बाजारात आणि मग आपल्याकडे येतो. प्रत्येक टप्प्यावर घट धरली जाते, प्रत्येक टप्प्यावर चाळण होते आणि प्रत्येक टप्प्यावर इतर ठिकाणचा माल त्यात मिसळतो. शेवटी आपल्या दारी जी गोणी उतरते तिच्यात चार जिल्ह्यांचा आणि दोन हंगामांचा हिरडा एकत्र असू शकतो.

या साखळीतील व्यापाऱ्याला खलनायक ठरवण्याचा आमचा हेतू नाही, हे येथेच स्पष्ट करतो. वर्षाला पाच किलो वावडिंग आणि दोन किलो नागकेशर लागणाऱ्या छोट्या फार्मसीला शेकडो द्रव्ये एका छताखाली आणि उधारीवर मिळतात ती त्याच्याचमुळे. दोष कोणा एकाच्या दानतीचा नसून रचनेचा आहे. जेथे केवळ वजनावर पैसे मिळतात तेथे माल ओला ठेवणे फायद्याचे ठरते. जेथे लवकर आणणाऱ्यालाच भाव मिळतो तेथे फळ पिकण्याआधीच झाड रिकामे होते. जेथे सालीला भाव आहे पण झाडाला नाही, तेथे झाड बुंध्यापाशी सोलले जाते. अशोकाच्या सालीच्या नावाखाली आसुपालवाची साल बाजारात का येते, याचे उत्तर वनस्पतिशास्त्रात अर्धेच सापडेल. उरलेले अर्धे खरेदीच्या रीतीत आहे. म्हणून आम्हांस असे वाटते, की द्रव्याची शुद्धता, जंगलाचे आयुष्य आणि वेचणाऱ्याची मिळकत हे वरकरणी तीन भासणारे प्रश्न एकाच ठिकाणी गुंतलेले आहेत, आणि ते ठिकाण म्हणजे आपली खरेदीची चिठ्ठी.

ही चिठ्ठी नव्याने लिहिण्याचे काही प्रयत्न आपल्या देशात झाले आहेत. त्यांपैकी सर्वाधिक गाजलेला प्रयोग केरळातला आहे, आणि तो जेथे अडला तो भाग आमच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे.

डिसेंबर १९८७ मध्ये डॉ. पी. पुष्पांगदन यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांचे एक पथक अगस्त्य पर्वताच्या रानात हिंडत होते. सोबतचे काणी जमातीचे वाटाडे चढणीवरही थकत नाहीत आणि मधूनमधून एक लहानसे फळ खातात, हे त्यांच्या ध्यानात आले. पुष्कळ आढेवेढे घेतल्यानंतर वाटाड्यांनी ती वनस्पती दाखवली. ती होती आरोग्यपच्चा. तिरुवनंतपुरमजवळील पालोड येथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेत तिच्यावर काही वर्षे काम झाले आणि इतर तीन वनस्पतींसह 'जीवनी' हा योग सिद्ध झाला. सन १९९५ मध्ये कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला सात वर्षांसाठी निर्मितीचा परवाना देण्यात आला. परवान्याचे शुल्क दहा लाख रुपये, शिवाय विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन. येथवर काही नवे नव्हते. नवे होते ते यापुढचे : या दोन्ही रकमांचा अर्धा वाटा काणी लोकांना द्यावा, असे संस्थेने ठरवले. त्या वेळी भारतात जैवविविधता कायदा नव्हता; तो २००२ मध्ये झाला. कायद्याची सक्ती नसताना, ज्याने ज्ञान दिले त्याला उत्पन्नात वाटेकरी करून घेणारी ही व्यवसायरचना जगभर वाखाणली गेली.

परंतु पैसे द्यायचे कोणाला? रानात विखुरलेल्या वस्त्यांच्या समाजाचे बँकेत खाते नसते. त्यासाठी १९९७ मध्ये काणी समाजाचा कल्याण न्यास नोंदवावा लागला आणि पहिली रक्कम न्यासाकडे पोहोचण्यास १९९९ उजाडले. करार झाला तेव्हा वाटाघाटीच्या बैठकीत काणी लोक नव्हते. ज्ञान देणारे वाटाडे एका भागातले होते. इतर भागांतील काणींनी, त्यांतही जाणत्या वैद्यांनी, आपल्याला कोणी विचारले नाही अशी नाराजी व्यक्त केली. ती अनाठायी होती असे म्हणवत नाही.

याहून मोठी अडचण पानांची होती. काणी लोक फळ खात. 'जीवनी'साठी पाने लागत. आरोग्यपच्चा हे रानाच्या सावलीत वाढणारे लहानसे झुडूप. त्यात अपेक्षित गुण यायचे तर ते त्याच्या मूळ अधिवासात वाढवणे इष्ट. म्हणून काही काणी कुटुंबांना लागवडीसाठी साहाय्य देण्यात आले व त्यांच्याकडून पाने विकत घेण्याची व्यवस्था ठरली. वनखात्याने मात्र हरकत घेतली. लागवडीच्या नावाखाली रानातली रोपे उपटून विकली जातील, अशी त्यांची शंका होती, आणि ती निराधारही नव्हती. परिणाम असा, की औषधाला मागणी, कारखान्याची तयारी, काणींची तयारी, आणि तरी पाने पुरेशी मिळेनात. विक्रीतील दोन टक्क्यांचा अर्धा म्हणजे शंभर रुपयांमागे एक रुपया. तोही निर्मिती झाली तरच. याउलट पाने विकून मिळणारी मजुरी रोजची होती आणि नेमकी तीच बंद पडली. आमच्या मते या प्रयोगात ज्ञानाच्या मोबदल्याचा विचार सखोल झाला. कच्च्या मालाच्या खरेदीची आखणी मात्र मागाहून करायचे काम म्हणून राहिली.

तमिळनाडूत या उणिवेच्या नेमक्या उलट बाजूने सुरुवात झाली. बंगळूरच्या स्थानिक आरोग्य परंपरा पुनरुज्जीवन प्रतिष्ठानाच्या, म्हणजे आपल्या परिचयाच्या एफआरएलएचटीच्या प्रेरणेने आणि मदुराई भागातील एका स्वयंसेवी संस्थेच्या सहकार्याने 'ग्राम मूलिगै' ही कंपनी उभी राहिली. तीत वनौषधी वेचणाऱ्यांचे गावोगावचे संघ हेच भागधारक आहेत. म्हणजे जी बाई सकाळी माळावर पाला खुडते ती संघामार्फत त्याच पाल्याच्या घाऊक व्यापारातही भागीदार असते. औषधनिर्मात्यांची मागणी आधी समजून घ्यायची, त्याप्रमाणे गावोगावी वेचणीचे नियोजन करायचे, कसे खुडावे व कसे वाळवावे याचे शिक्षण द्यायचे आणि माल एकत्र करून थेट कारखान्याला पुरवायचा, ही तिची रीत. दलाली संपली असे नव्हे. दलालीचे काम कोणाला तरी करावेच लागते. ते आता वेचणाऱ्यांच्या मालकीची कंपनी करते आणि त्यातली मिळकत त्यांच्याकडे वळते, एवढाच फरक आहे. तो लहान नाही.

आता आपल्या सह्याद्रीकडे येऊ. बेहड्याचा वृक्ष आपल्या घाटमाथ्यावर आणि कोकणात विपुल आहे, पण त्याला मोल नव्हते. फळ पायदळी तुडवले जाई आणि खासगी जागेतले झाड जळणासाठी वा खोक्यांच्या फळ्यांसाठी ठेकेदाराला उभेच विकले जाई. जुन्या, मोठ्या बेहड्यांच्या ढोल्यांत धनेश पक्षी घरटे करतो. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेचे मूळ काम वनसंरक्षणाचे. झाड तोडू नका, असे नुसते सांगून भागत नाही, तोडल्याने चार पैसे मिळतात तर राखल्यानेही मिळाले पाहिजेत, हा विचार त्यांनी धरला आणि बेहड्याच्या व हिरड्याच्या फळांसाठी खरेदीदार शोधला. तो मिळाला ब्रिटनमध्ये : ब्रिस्टल येथे २००१ मध्ये स्थापन झालेली, आयुर्वेदीय वनस्पतींचा चहा व त्रिफळ्यासारखे योग विकणारी 'पुक्का हर्ब्ज' ही कंपनी.

या व्यवहाराला 'फेअरवाइल्ड' या आंतरराष्ट्रीय मानकाची चौकट आहे. या मानकाची सुधारित आवृत्ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. सेंद्रिय प्रमाणपत्र आपल्याला ठाऊक आहे. त्यात रसायने वापरली नाहीत याची ग्वाही असते. येथे प्रश्न वेगळे विचारले जातात. त्या परिसरात झाडे किती, फळ किती धरते, त्यातले किती उचलले तर पशुपक्ष्यांना आणि बीजप्रसाराला पुरेसे उरेल, याची मोजणी आधी करावी लागते. वेचणाऱ्यांची यादी असते, त्यांना शिक्षण दिलेले असते, दर लेखी असतो आणि दराशिवाय काही अधिक रक्कम गावाच्या सामाईक कामासाठी निधी म्हणून ठेवली जाते. वाळवणी, आठळी काढणे, निवडणे ही कामे जमेल तितकी गावाजवळच व्हावीत, असा प्रयत्न असतो. म्हणजे त्या कामाची मजुरीही तेथेच राहते, आणि त्यात बायकांचा हात मोठा असतो. झाडाच्या मालकाला फळांपोटी दरवर्षी काही मिळू लागले की ठेकेदाराला नाही म्हणण्याचे बळ त्याच्या अंगी येते.

या प्रयोगाकडे पाहताना आम्हांस एक खंतही वाटते. भीमाशंकरच्या परिसरातील हिरड्या-बेहड्याला योग्य दर देणारा ग्राहक इंग्लंडात सापडावा, आणि तेथून शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेल्या आमच्या अनेक फार्मसींनी मात्र तोच हिरडा चार हात फिरून आलेल्या गोणीतून घ्यावा, हे चित्र आपल्याला शोभणारे नाही. त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे, की असे प्रमाणपत्र खर्चिक असते. तपासनीसाचे शुल्क, कागदपत्रे, नोंदी हे सारे महिन्याला दोन पोती घेणाऱ्या फार्मसीला परवडणारे नाही. परंतु प्रमाणपत्र परवडत नाही म्हणून त्यामागची आखणीही परवडत नाही, असे होत नाही. मोजणी, लेखी दर, वेचणाऱ्याचे नाव आणि गावात वाळवणी यांना परदेशी शिक्क्याची गरज नाही.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून विकण्याचे काम संघटितपणे उभे केले, त्यास पुढे केंद्राच्या वनधन योजनेचे साहाय्य मिळाले आणि २०२० च्या टाळेबंदीत, जेव्हा गुळवेलीला अभूतपूर्व मागणी आली, तेव्हा हे नाव देशभर झाले. कातकरी समाज वीटभट्टीच्या उचलीत कसा अडकतो, हे ठाणे-रायगडातील वैद्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. पावसाळ्यानंतर गाव न सोडता मिळकत होणे, याचा त्या घरांतल्या मुलांच्या शाळेशी थेट संबंध आहे.

गुळवेलीच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. सन २०२१ मध्ये मुंबईतील काही यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांतील यकृतविकारांचा अहवाल प्रसिद्ध केला आणि २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने खरी गुळवेल व तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील फरकाकडे लक्ष वेधले. त्या वादाचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नव्हे. आमचा प्रश्न साधा आहे : त्या दिवसांत एखाद्या रुग्णाने 'वैद्यबुवा, ही गुळवेल कुठली?' असे विचारले असते, तर आपल्यापैकी कितीजणांना गावाचे नाव सांगता आले असते? ज्यांना आले असते, त्यांच्यापाशी प्रयोगशाळेच्या दाखल्याहून मोठा नसला तरी त्याच्या बरोबरीचा पुरावा होता. जो कातकरी तरुण दरवर्षी त्याच वेलीवरून कांड तोडतो आणि पुढच्या वर्षी तेथेच परत यायचे म्हणून मूळ राखतो, तो ओळखीत सहसा चुकत नाही. आणि चुकला, तर कोणाला विचारायचे हे आपल्याला ठाऊक असते.

आता पैशांचा प्रश्न, कारण तो टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'हे सारे ठीक, पण औषध महागेल त्याचे काय?' ही शंका सभासदांच्या बैठकीत हमखास निघते. तिचे उत्तर त्रिफळा चूर्णाच्या हिशेबाने देऊ. समभाग त्रिफळ्यात हिरडादळ, बेहडादळ आणि आवळकाठी एकेक तृतीयांश असतात. समजा, आपण वेचणाऱ्याला अख्ख्या सुक्या हिरड्यामागे किलोला पंधरा रुपये अधिक दिले. आठळी काढल्यावर निम्मीच दळ हाती येते असे धरले, तरी एक किलो चूर्णास हिरडा लागेल सुमारे ६६७ ग्रॅम. म्हणजे वाढ दहा रुपये. शंभर ग्रॅमच्या डबीमागे एक रुपया. बेहड्यालाही तितकेच दिले तर दोन. डबीच्या झाकणावरचे सोनेरी अक्षर काढले तरी एवढी बचत व्हावी! त्या एक-दोन रुपयांनी आपला ग्राहक दुरावणार नाही. किलोमागच्या पंधरा रुपयांनी मात्र हंगामात काही क्विंटल माल विकणाऱ्या घराच्या हाती काही हजार रुपये अधिक पडतील. अर्थात हे पंधरा रुपये चार हातांतून गेले तर झाडाखाली त्यांतले काही उरणार नाही. म्हणून दर वाढवण्यापेक्षा वाट आखूड करणे अधिक महत्त्वाचे.

कायद्यानेही ही वाट पूर्वीपेक्षा सुकर केली आहे. वनहक्क कायदा, २००६ ने गौण वनोपजाची मालकी वननिवासींना दिली. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू स्वतः विकला, हे सर्वश्रुत आहे. ज्या ग्रामसभा बांबू आणि तेंदू विकू शकतात त्या हिरडा, बेहडा आणि बिब्बाही विकू शकतील; त्यांच्यापाशी खरेदीदार म्हणून जाण्याची तसदी कोणी घेतली पाहिजे. केंद्राच्या २०१३-१४ पासूनच्या गौण वनोपज आधारभूत किंमत योजनेत हिरड्याचा समावेश आहे. दर ठरवताना निदान त्या आकड्याच्या खाली जायचे नाही, एवढा संकेत तरी पाळता येईल. दुसऱ्या बाजूस, २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात जैवविविधता कायद्याचे लाभवाटप भारतीय कंपन्यांनाही लागू असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष वैद्यांना आणि ग्रंथोक्त पारंपरिक ज्ञानाच्या वापराला सवलत दिली. या सवलतीने आपल्या अनेक सभासदांना हायसे वाटले असेल. आमचे म्हणणे एवढेच, की लाभवाटपाचा फॉर्म भरण्यातून मिळालेली ही सूट आहे. वेचणाऱ्याशी व्यवहार कसा करावा, हा प्रश्न त्या फॉर्मआधीही होता आणि आजही आहे.

एकट्या फार्मसीला चाळीस द्रव्यांसाठी चाळीस गावे गाठणे शक्य नाही, तशी अपेक्षाही नाही. परंतु एका जिल्ह्यातील दहा-बारा फार्मसींनी मिळून दोन किंवा तीन द्रव्ये निवडली, जी सर्वांनाच मोठ्या प्रमाणात लागतात आणि आपल्याच डोंगरात होतात, तर त्यांची एकत्रित मागणी एखाद्या ग्रामसभेशी वा बचतगटाशी बोलण्याइतकी मोठी होते. आमच्या दृष्टीने हिरडा, बेहडा आणि गुळवेल यांपासून आरंभ करणे सर्वांत सोपे. ही मागणी हंगामाच्या आधी, लेखी आणि दरासह कळवली पाहिजे. हंगाम सुरू झाल्यावर सांगितलेला दर वेचणाऱ्याच्या कामाचा नसतो, कारण तोवर त्याची उचल झालेली असते. शक्य असेल तर मालाच्या किमतीचा काही भाग आगाऊ द्यावा. उचलीची जागा आगाऊ रकमेने घेतल्यावाचून बाकी सुधारणा कागदावरच राहतील, असे आमचे स्पष्ट मत आहे. वजन गावातच, सर्वांसमोर, काट्यावर व्हावे. सुक्या मालाचा दर ओल्याहून निर्णायक फरकाने अधिक ठेवावा, म्हणजे वाळवण्याचे श्रम वाया जात नाहीत आणि आपल्याला बुरशी लागलेला माल परत पाठवण्याची वेळ येत नाही. बाळहिरडा आणि पक्व हिरडा यांचे दर निरनिराळे सांगून, पक्व फळासाठी काही झाडे राखून ठेवण्याचा करार करावा. त्रिफळ्यासाठी आपल्याला पक्व फळच हवे असते. ते मिळत नाही अशी तक्रार आपण करतो, पण त्याची मागणी दरासह कोणी गावात जाऊन नोंदवलेली नसते.

प्रत्येक गोणीला गाव, महिना आणि गटाचे नाव लिहिलेली कापडी चिठ्ठी शिवावी. तिला खर्च जवळपास नाही. ती चिठ्ठी कच्च्या मालाच्या नोंदवहीत उतरली की बॅच क्रमांकाशी जोडता येते आणि अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकासमोरही उपयोगी पडते. आरंभी एक-दोन हंगाम माल कमी येईल, काही गोण्या नाकाराव्या लागतील, व्यापारी ऐन हंगामात दोन रुपये चढा भाव देऊन माल फिरवतील. त्या वेळी गावाला दोष देण्याआधी आपण आदल्या वर्षी ठरलेली खरेदी पूर्ण केली होती का, हे तपासून पाहावे. बाजारात स्वस्त मिळाले म्हणून शब्द फिरवणारा खरेदीदार गाव एकदाच सहन करते.

बेहड्याचा हंगाम हिवाळ्यात आणि बाळहिरड्याचा उन्हाळ्यात येतो. तेव्हा बेहड्याचे बोलणे दिवाळीपूर्वी आणि हिरड्याचे होळीच्या आत व्हावे लागेल. जिल्हा शाखांनी आपल्या सभासदांकडून या दोन द्रव्यांची वार्षिक गरज किलोमध्ये मागवून घ्यावी. चर्चेस बसण्यापूर्वी हा एक आकडा हाती असला पाहिजे.